फोटो फ्रेमिंग, मोती चौकाजवळ, सातारा : आजोबांचा लॉ कॉलेजचा फोटो वाचला
आजोबांचा 1941 चा पुण्याच्या लॉ कॉलेजातला ग्रुप फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला, पुठ्ठ्याला कसर लागलेली आणि फोटो काचेला चिकटलेला. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेला तर ते म्हणाले चेहरे तेवढे ठेवू, मागची बिल्डिंग काढून निळं बॅकग्राउंड टाकू. तसाच उचलून घरी आणला, मला लय वाईट वाटलं, अहो ती बिल्डिंग बघायलाच तर आजोबा सातारहून गेले होते ना.

मोती चौकातल्या काकांनी आधी टॉर्च तिरपा धरून कुठं कुठं चिकटलाय ते दाखवलं, म्हणाले काच ओढली तर चेहरेच निघून येतील, काचेसकट राहू द्या. मग मागचा किडका पुठ्ठा ब्लेडनं पापुद्रा पापुद्रा सोडवला पण खाली नावं लिहिलेली पट्टी आहे तिला धक्का नाही लावला, नवीन पुठ्ठा घातला, खोल पट्टीची सागवानी फ्रेम केली आणि वरनं स्कॅन पण दिला.

स्कॅन मोठा करून बघितला तेव्हा दगडी भिंत, पायऱ्या आणि मागची उघडी बोडकी टेकडी स्पष्ट दिसली, जिला आता सगळे लॉ कॉलेज टेकडी म्हणतात. कॉलेज चालवणारी इंडियन लॉ सोसायटी 1923 ची, कॉलेज 1924 ला सुरू झालं, जे. आर. घारपुरे पहिले प्रिन्सिपल. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज 1855 पासून होतंच, पण आपल्याकडच्या पोरांना पुणं जवळ. आपल्या सातारचे गजेंद्रगडकर 1926 ला इथनंच एलएलबी झाले आणि 1964 ला देशाचे सरन्यायाधीश, देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण पण इथलेच, पुढं कराडात वकिली केली. आणि घरात कायम वाद असायचा की आजोबा पुण्यात शिकले मग डिग्रीवर मुंबई विद्यापीठ कसं, तर पुणे विद्यापीठच 1949 चं, तोवर कॉलेज मुंबईलाच जोडलेलं. काकांनी ती डिग्री पण शेजारी लावायला सेम पट्टीत करून दिली.

दोन्हीचे मिळून 1850 झाले. आठवड्याचं सांगून सोळा दिवस लागले आणि फोन उचलत नाहीत, तेवढं सुधारा काका. जुने फोटो असतील तर काच न काढता तसेच घेऊन जा, सोमवारी दुकान बंद असतं.