बालविभागासाठी पुस्तके निवडायला शिकवणारे ‘स्टोरीवीव्हर’

तालुक्याच्या गावातील आमच्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात मी वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकले होते. सात वर्षांच्या मुलासाठी पुस्तक कसे पारखावे, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याच्या छापील यादीवर खुणा करून मी बोधकथांचे संच मागवले. पुस्तके गुळगुळीत कागदाची होती, प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य होते आणि वर्षअखेरीस त्यांतील बहुतेकांच्या तारीखपत्रकावर, म्हणजे पुस्तक घरी नेताना तारीख उमटवण्याच्या चिठ्ठीवर, एकही शिक्का उमटलेला नव्हता. अनुदानातून आलेला पैसा असा कपाटात पडून राहिलेला पाहणे मला फार जड गेले.

त्यानंतर मी ‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तके प्रकाशित करणाऱ्या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर रोज दोन पुस्तके वाचायचे ठरवले. हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. येथील चित्रमय गोष्टी विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे लेखक, चित्रकार व अनुवादक यांचा उल्लेख ठेवून छापताही येतात. भाषांची संख्या आता ३०० च्या पुढे गेली आहे. मुलांना पडद्यावर गोष्टी दाखवण्यासाठी अनेकजण या सेवेचा उपयोग करतात. मी तिच्याकडे ग्रंथनिवडीचा सराव करण्याची जागा म्हणून पाहते आणि हा अभिप्राय त्याच दृष्टीने लिहिलेला आहे.

पुस्तकाची छापील प्रत विकत घेण्याआधी ते येथे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येते, ही साधी गोष्ट लहान गावातील ग्रंथपालासाठी किती मोलाची आहे, हे शहरातील दुकानात उभे राहून पुस्तके चाळू शकणाऱ्यांना कदाचित जाणवणार नाही. मी पहिल्यांदा मजकुरावर हात ठेवून केवळ चित्रे पाहते. चित्र जर शब्दांनी सांगितलेलेच पुन्हा सांगत असेल, तर ते पुस्तक मी बाजूला ठेवते. एका शनिवारी दुसरीतील एका मुलीला मी एक गोष्ट वाचून दाखवत होते. तिने मला मध्येच थांबवले, दोन पाने मागे जायला लावले आणि मजकुरात कोठेही उल्लेख नसलेले मांजर प्रत्येक चित्रात कोठे बसले आहे, ते बोट ठेवून दाखवले. मी ते पुस्तक चार वेळा वाचले होते. मांजर मला दिसले नव्हते. तेव्हापासून पुस्तक मुलांसमोर वाचल्याशिवाय मी त्याविषयीचे माझे मत पक्के धरत नाही.

दुसरा मोठा लाभ भाषेचा आहे. एकच गोष्ट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत शेजारीशेजारी उघडून मोठ्याने वाचली, की अनुवाद कानाला लगेच कळतो. ‘त्याने आपले डोके हलवले’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, परंतु आपल्या घरातले मूल ‘त्याने मान डोलावली’ असेच म्हणेल. आवाजांचे शब्द तर हमखास कसोटीला लागतात. पाऊस रिपरिप पडतो की धो धो कोसळतो, हे अनुवादकाने ठरवलेले नसेल, तर ते पान वाचताना मुलांचे चेहरे कोरेच राहतात. या संकेतस्थळावर कोणालाही गोष्ट लिहिता वा अनुवादित करता येते, त्यामुळे निवडीची जबाबदारी शेवटी वाचणाऱ्याकडेच राहते. मला ती उणीव वाटत नाही, कारण चांगले आणि बेताचे एकत्र वाचल्यावरच नजर तयार होते.

वाचनपातळ्यांविषयी मात्र सावध राहावे लागते. पहिल्या पातळीत २५० पेक्षा कमी शब्द, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून अधिक, अशी ढोबळ विभागणी आहे. शब्दांचा सोपेपणा, पुनरावृत्ती आणि वाक्यांची लांबी यांचाही त्यात विचार आहे. तरीही मराठीत शब्दसंख्येवर फार विसंबता येत नाही. इंग्रजीत चार-पाच शब्दांत येणारा आशय मराठीत ‘घरासमोरच्या’ अशा एकाच शब्दात मावतो, म्हणून अनुवादात शब्द कमी होतात आणि प्रत्येक शब्द लांबतो. त्यातच ‘स्वच्छ’ किंवा ‘दृष्टी’ यांसारखी जोडाक्षरे आली, की वीस शब्दांची गोष्टही नवशिक्या वाचकाला अडवते. पातळीचा आकडा मी फक्त शोधाची सुरुवात म्हणून वापरते आणि नंतर जोडाक्षरे स्वतः मोजते.

पडद्यावर काही गोष्टी कळतच नाहीत. पुस्तकाचा आकार किती आहे, पंधरा मुलांच्या घोळक्यात मागे बसलेल्या मुलाला चित्र दिसेल का, बांधणी पिनांची आहे की शिवणीची, हे छापील प्रत हाती आल्यावरच समजते. आमच्याकडे पिनांच्या पुस्तकांची मधली पाने थोड्याच महिन्यांत सुटतात, म्हणून पसंत पडलेल्या पुस्तकाची आधी एकच प्रत मागवून मी ती हाताळून पाहते. शिवाय येथील मुख्य भर चित्रपुस्तकांवर आहे. पाचवीच्या पुढील मुलांसाठी मला अन्यत्र शोधावे लागते. त्यासाठी बालभारतीने महाजालावर खुले केलेले ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक फार उपयोगी पडतात.

बालविभागाचे काम नव्याने हाती घेतलेल्या प्रत्येक ग्रंथपालाने किमान सहा महिने या संकेतस्थळावर नेमाने वाचन करावे आणि प्रत्येक पुस्तकावर चार ओळींची नोंद ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवेन. माझ्या अशा दोन वह्या भरल्या आहेत. यंदाच्या खरेदीची यादी कार्यकारिणीपुढे ठेवताना शीर्षक, प्रकाशक आणि किंमत यांच्यापुढे मी एक जादा रकाना आखला असून त्यात ते पुस्तक कोणत्या इयत्तेच्या मुलांना वाचून दाखवले आणि ती कोणत्या पानावर थांबली, हे लिहिले आहे.