आई-बाबांना अमिश गाव दाखवायचंय: इंटरकोर्स की बर्लिन?

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "ते घोडागाडीवाले लोक दाखवा ना यांना." म्हणजे अमिश, मोटारीऐवजी बग्गी वापरणारा, जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ. अशा वेळी दोन नावं पुढे येतात: पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीतलं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) इंटरकोर्स आणि ओहायोच्या होम्स काउंटीतलं बर्लिन. पहिल्या नावावर काय हसायचं ते गाडीतच हसून घ्या. १८१४ पर्यंत त्या गावाला क्रॉस कीज म्हणत, आणि नाव बदललं त्या काळात हा शब्द साध्या ये-जा नि देवाणघेवाणीसाठीही सर्रास वापरला जाई.

२०१० च्या जनगणनेत इंटरकोर्सची लोकसंख्या १,२७४ होती, बर्लिनची ८९८. दोन्ही आपल्याकडच्या लहानशा खेड्याएवढी. पण या आकड्यावरून गाव निवडू नका. दोन्ही ठिकाणांना स्वतंत्र ग्रामपंचायत म्हणावी असं काही नाही. कारभार टाउनशिपचा, म्हणजे साधारण आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखा. गावाची हद्द जनगणनेच्या सोयीसाठी आखलेली. ती पडते गावठाणावर, म्हणजे चौक, दुकानं, खानावळी यांच्यावर. अमिश कुटुंबं बहुतेक मळ्यात राहतात, आपापल्या शेतावर. त्यामुळे तो आकडा वाचून अमिश वस्तीचा अंदाज येत नाही.

अंदाज येतो काउंटीकडे पाहिल्यावर. लँकेस्टर काउंटीत २०२० साली ५,५२,९८४ लोक होते, होम्समध्ये ४४,२२३. क्षेत्रफळात लँकेस्टर दुपटीहून थोडी मोठी, माणसं मात्र बारापट. अमिश लोकसंख्या दोन्ही वसाहतींत चाळीस हजारांच्या आसपास आहे, आणि दोन्ही वसाहती शेजारच्या काउंट्यांतही पसरल्या आहेत. म्हणजे लँकेस्टरमध्ये दहा माणसांत एकही अमिश धड भरत नाही, तर होम्समध्ये जवळजवळ निम्मी वस्ती त्यांची. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. इंटरकोर्सच्या रस्त्यावर बग्गी दिसली की पर्यटक फोन काढतात. होम्समध्ये बँकेबाहेर, किराणा दुकानाबाहेर घोडे बांधायची जागा असते आणि त्याचं कुणाला अप्रूप नसतं.

जमीनही वेगळी. लँकेस्टरची चुनखडीवरची माती देशातल्या उत्तम कोरडवाहू शेतजमिनींत गणली जाते. कोनेस्टोगा आणि पेक्वे हे प्रवाह पुढे सस्क्वेहानाला मिळतात. भूभाग हलका चढउताराचा, एका नजरेत मैलभर शेत दिसावं असा. अमिश इथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. मुलं सहा-सात, जमीन तेवढीच, भाव चढलेले. म्हणून आज बरेच जण शेती सोडून सुतारकाम, बांधकाम, दुकान यांत आहेत. होम्समध्ये ते १८०८ च्या सुमारास पोचले. हिमयुगातल्या बर्फाची सीमा याच काउंटीतून जायची, त्यामुळे बर्फ न पोचलेल्या पूर्व-दक्षिणेकडे टेकड्या, वळणं, अरुंद खोरी. पाणी इथून ओहायो नदीकडे आणि मग मिसिसिपीत जातं. फर्निचरचा धंदा इथेही जोरात आहे. डोळ्यांना होम्स जास्त सुंदर वाटतं. गुडघे दुखणाऱ्या आईला लँकेस्टर सोयीचं.

गाडीच्या रंगावरूनही ठिकाण ओळखू येतं: लँकेस्टरच्या बग्ग्या राखाडी, ओहायोच्या काळ्या. लँकेस्टरचे अमिश सायकल वापरत नाहीत, पायाने ढकलायची स्कूटर वापरतात; होम्समध्ये बरेच जण सायकलवर, हल्ली इलेक्ट्रिक सायकलवरही दिसतात. होम्समध्ये पंथभेदही जास्त. त्यांतले सर्वांत कर्मठ स्वार्ट्झेनट्रुबर बग्गीमागे सावकाश वाहनाचा इशारा देणारा नारिंगी-लाल त्रिकोण लावत नाहीत. संध्याकाळनंतर तिथल्या चढावर गाडी हळूच चालवा.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा फिलाडेल्फियात राहत असाल तर फार विचार नको: इंटरकोर्स दीड-दोन तासांवर आहे. लँकेस्टर शहरापर्यंत रेल्वेही येते. जवळच स्ट्रासबर्गला १८३२ साली सनद मिळालेली वाफेची गाडी आहे. नातवंडं बरोबर असतील तर दिवस तिथेच जाईल. मात्र मुख्य रस्ता सोडून आतल्या रस्त्याला वळा, नाहीतर फक्त दुकानं बघून परत याल. ओहायोतल्या क्लीव्हलंड, कोलंबसवाल्यांनी बर्लिनला जावं, तेही दीड-दोन तासच. न्यू जर्सीहून खास होम्सला जायचं तर एका बाजूचे सात तास धरा आणि मुक्काम करा.

रविवार दोन्हीकडे टाळा, अमिश दुकानं बंद असतात. चेहऱ्याचे फोटो त्यांना आवडत नाहीत. आणि शाकाहारी असाल तर 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) घेण्याआधी विचारा: पारंपरिक 'पाय'च्या कवचात डुकराची चरबी असते. बटाटे, नूडल्स, आणि चाउ-चाउ नावाचं भाज्यांचं आंबटगोड लोणचं यांवर पोट भरतं. बाबांना ते लोणचं गोड लागणार, तेव्हा घरचं बरोबर ठेवा.