डब्ल्यूसी: आठ महिन्यांनंतर, ३८ ओळींच्या भांडणासकट

डब्ल्यूसी (wc) म्हणजे फायलीतल्या ओळी, शब्द, अक्षरं मोजणारी टर्मिनलची कमांड; याहून जास्त सांगत बसत नाही. १९७१च्या पहिल्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमपासून आहे, तुम्ही वापरलंच असेल. मी सबटायटलचे अनुवाद करते. एका ओळीत एक वाक्य, ओळीला ४ रुपये. गेले आठ महिने डब्ल्यूसी -एल (ओळी मोजायचा पर्याय) जो आकडा देईल तोच बिलावर. फुकटचं आणि झटपट; आमच्या जुन्या लॅपटॉपवर वर्ड उघडेपर्यंत चहा होतो.

मागच्या महिन्यात ३८ फायली पाठवल्या. काम देणाऱ्यांकडून मेल: तुमच्या आणि आमच्या मोजणीत ३८ ओळींचा फरक येतोय, खुलासा करा, तोवर बिल थांबवलंय. मला वाटलं, कापताहेत पैसे. खरमरीत उत्तर लिहून ठेवलं. पाठवण्याआधी एक छोटी फाइल उघडून स्क्रीनवर बोट ठेवून ओळी मोजल्या. बारा. डब्ल्यूसी म्हणतं अकरा. दुसऱ्या फायलीत तेच, तिसरीतही. म्हणजे जास्त मोजणारे ते बरोबर, आणि आठ महिने स्वतःचंच बिल कापत होते मी!

इथवर लिहून दोन तारे देणार होते. मग रात्री मॅन पान, म्हणजे कमांडचं माहितीपत्रक, काढलं. पहिल्याच वाक्यात लिहिलंय, हे न्यूलाइन मोजतं. म्हणजे ओळी नाही, ओळ संपल्याच्या खुणा. शेवटच्या वाक्यानंतर एंटर नसेल तर ती ओळ त्याच्या हिशेबी संपलेलीच नाही. नॅनो हा एडिटर तो एंटर आपणहून घालतो, माझा एडिटर घालत नाही. आता ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) वापरून, ग्रेप -सी, पुढे रिकामी अवतरणचिन्हं आणि मग फायलीचं नाव, असं मोजते. त्यात शेवटची ओळ येते. तरी राग पूर्ण गेलेला नाही. एवढी वर्षं झाली, एक इशारा छापायला काय जात होतं?

याच भानगडीतली दुसरी गंमत. सगळ्या फायली कॅट या कमांडने जोडून डब्ल्यूसी -डब्ल्यूला (शब्द मोजायचा पर्याय) दिल्या, तर शब्दही ३७ कमी. एका फायलीचा शेवटचा ‘गेला’ आणि पुढच्या फायलीचा पहिला ‘पाऊस’ चिकटून ‘गेलापाऊस’ असा एकच शब्द. ३८ का नाही? शेवटच्या फायलीपुढे चिकटायला कुणी नाही. फायलींची नावं थेट डब्ल्यूसीला द्या, खाली एकूण बेरीज बरोबर येते.

अक्षरांच्या बाबतीत मात्र अपेक्षाच ठेवू नका. ‘मराठी’ला -सी १५ बाइट सांगतं, -एम ५ चिन्हं, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या धरल्या जातात. आपल्याला दिसणारी तीन अक्षरं कुठल्याच पर्यायातून मिळत नाहीत. आणि शब्दावर दर असेल तर ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द. यात डब्ल्यूसीचा दोष नाही, मधली जागा बघूनच ते शब्द तोडतं. पण पोटात दुखतंच.

चार तारे. थांबवलेलं बिल ३८ ओळी वाढवून, म्हणजे १५२ रुपयांनी जास्त, मंजूर झालं. आधीच्या सात महिन्यांच्या ३७४ फायली, प्रत्येकी एक ओळ, १,४९६ रुपये. तेही मागितले. उत्तर आलं की जुने हिशेब बंद झालेत. मी परत मेल टाकलीय.