धुके की गडगडाटी ढग: वैमानिकाला अधिक धोका कशाचा?

दिल्लीच्या हिवाळ्यातले दाट धुके बातम्यांत अधिक गाजते. परंतु वैमानिकाच्या दृष्टीने पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहणारा गडगडाटी ढग कितीतरी अधिक कपटी असतो, असे माझे मत आहे. निरभ्र रात्री, वारा पडलेला असताना, गंगेच्या खोऱ्यातील ओलसर जमिनीलगतची हवा निवून जे धुके दाटते, त्याचा अंदाज तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) यांतील अंतर घटू लागताच येतो; त्यामुळे जादा इंधन घेऊन जयपूरला वळण्याची तयारी आधीच ठेवता येते. धुके विमानाला हेलकावे देत नाही, फक्त दृष्टी हिरावते. अर्थात तेही जीवघेणे ठरू शकते: १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धुक्यात एकमेकांवर आदळून ५८३ जण दगावले.

ढगाखालचा वारा मात्र चकवतो. ढगातून कोसळणारा थंड हवेचा झोत जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो, तेव्हा उतरणाऱ्या विमानाला प्रथम समोरून वारा मिळून वेग वाढल्यासारखा वाटतो आणि वैमानिकाचा हात इंजिनाची शक्ती कमी करण्याकडे जातो. पुढच्या काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येऊ लागतो, वेग ढासळतो आणि विमान खाली दाबले जाते. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे डेल्टा विमान कंपनीचे विमान अशाच झोतात सापडून कोसळले. म्हणूनच तीव्र वादळी ढगापासून किमान २० सागरी मैल दूर राहावे, असे वैमानिकांना शिकवले जाते.