गोधडी: सुती की मिक्स? पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढल्यावर

मिक्स म्हणजे सूत-पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाच्या गोधडीला गोळे आलेत. तेही कुठे, तर हनुवटीपाशी. रात्री कूस बदलली की गालाला रवा लागल्यासारखं होतं. सुती कापडालाही गोळे येतात, पण सुताचा तंतू नाजूक, चार धुण्यांत गोळा गळून जातो. पॉलिस्टरचा चिवट, तो गोळ्याला सोडतच नाही. दाढीचं ब्लेड फिरवून काढले, थोड्याच दिवसांत पुन्हा हजर!

त्यात हे कापड मला ‘प्युअर कॉटन’ म्हणून विकलेलं. संशय आला म्हणून उरलेल्या चिंधीचे धागे उसवून पेटवले. निव्वळ सुताची मऊ राख होते, बोटाने चुरली जाते. इथे काळे टणक मणी उरले. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: कापलेलं कापड परत घेत नाही. शिवणाऱ्या मावशींनीही मजुरी जास्त लावली, घट्ट विणीत सुई अडते म्हणून. म्हणजे स्वस्त कापडाचे वाचलेले पैसे शिलाईत गेले.

एवढं बोलून झाल्यावर जुलैबद्दलही सांगायला हवं. जुन्या साड्यांची सुती गोधडी ओली झाली की एकट्याने उचलत नाही, आणि मशीन पिळायला लागलं की धडधडत मोरीभर फिरतं. वाळायला दिवसेंदिवस लागतात, वर कुबट वास. मिक्सवाली पंख्याखाली दुसऱ्या दिवशी कोरडी. एरवीसुद्धा सूत हवेतला ओलावा वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पावसाळाभर मी शेजारी मिक्सचंच कौतुक करत होते.

मग एप्रिल आला. जी गोधडी पाणी धरत नाही ती घामही टिपत नाही. पाठ चिकचिकीत, आणि त्यावर ते गोळे.

वरून सुती, खालून मिक्स असा मध्यम मार्ग मावशींना सुचवला, त्या नाहीच म्हणाल्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटतं, म्हणजे अडीच मीटरला आठ-बारा सेंटीमीटर. मिक्स जवळजवळ तेवढंच राहतं. मग धावदोरा ओढला जातो आणि गोधडीभर चुण्या. नवं सुती घेतलंत तर आधी गरम पाण्यातून काढा, लाल-मरून असेल तर वेगळं भिजवा. जुन्या पातळांना यातलं काहीच लागत नाही. आटायचं ते आटलेलं, रंग जायचा तो गेलेला, सुई लोण्यासारखी नसली तरी न कुरकुरता जाते, आणि फुकट.

मिक्सवाली आता गाडीच्या डिकीत, प्रवासाला ती बरी. पुढच्या गोधडीसाठी आईची सुती पातळं बाजूला काढलीत. खोळीला मांजरपाट आणलाय, तो बादलीत भिजतोय. धागा मात्र दुकानाच्या पायरीवरच पेटवून पाहिला, दुकानदारासमोर.