टायरमध्ये नायट्रोजन की साधी हवा? नागपूरच्या उन्हात गाडी काढण्यापूर्वी

माझा भाचा पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने समृद्धीवरून मुंबईकडे निघतोय. शिवमडक्याला चढायचं आणि ७०१ किलोमीटर सरळ. परवा रात्री त्याचा फोन आला, "मामा, टायरवाला म्हणून राहिला की नायट्रोजनच भरा, साध्या हवेनं उन्हात टायर फुटते. भरू का?" मे महिन्यात हा प्रश्न नागपुरात घरोघरी पडतो. फोनवर त्याला घाईत सांगितलं ते इथे नीट मांडतो.

नायट्रोजन भरल्याने नुकसान काही नाही. थोडा फायदाही आहे. पण टायर फुटण्यापासून तुम्हाला वाचवतो तो आतला दाब. तो दाब कोणत्या वायूने दिलाय, याने फार फरक पडत नाही.

मुळात आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. ऑक्सिजन २१ टक्के, उरलेला बहुतेक आर्गॉन. टायरच्या दुकानातलं नायट्रोजनचं मशीन हीच हवा ओढून घेतं, त्यातला ऑक्सिजन आणि ओलावा वेगळा काढतं आणि साधारण ९५ टक्के नायट्रोजन पुढे देतं. म्हणजे निवड ७८ टक्के आणि ९५ टक्के यांमधली आहे.

तेही काम नीट केलं तर. चाकातली हवा पूर्ण सोडली तरी बाहेरच्या वातावरणाच्या दाबाइतकी हवा आत राहतेच. त्यावर ३३ पीएसआय (पीएसआय म्हणजे टायरचा दाब मोजायचं एकक) नायट्रोजन भरला, तर आतल्या एकूण वायूपैकी जवळपास तिसरा हिस्सा ती जुनी हवाच असते आणि नायट्रोजन ९० टक्क्यांच्या आसपास अडकतो. खरे ९५ हवे असतील तर दोन-तीन वेळा सोडून पुन्हा भरावं लागतं. आणि २८ वर आलेल्या चाकात नुसता वरून ३३ पर्यंत भरून दिला, तर आत जेमतेम ८० टक्के होतो. व्हॉल्व्हवर हिरवी टोपी बसते, पैसे जातात, आत जवळपास साधीच हवा राहते. म्हणून पैसे देण्याआधी एवढंच विचारा: "भाऊ, जुनी हवा किती वेळा काढणार?"

आता गळतीचं. रबरातून हवा हळूहळू झिरपतेच, आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने २००६-०७ मध्ये ३१ मॉडेल्सचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर बाहेर ठेवले. साधी हवा भरलेल्यांचा दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला, नायट्रोजनवाल्यांचा २.२ ने. वर्षाला फरक १.३ पीएसआय. फरक खरा आहे. पण नायट्रोजनचं चाकही उतरतं, आणि "नायट्रोजन आहे, आता बघायला नको" असं धरून चालणारा माणूसच शेवटी कमी दाबावर गाडी पळवतो. मला खरी भीती याच समजुतीची वाटते.

उन्हाच्या बाबतीत तर सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

"नायट्रोजन गरम होत नाही, दाब वाढत नाही" हे मी वर्धा रोडवर ऐकलंय, कामठी रोडवरही ऐकलंय. ते खरं नाही. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापल्यावर अगदी सारखे फुगतात. कारच्या टायरला दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय, मग आत काहीही असो. आपल्या शहराचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता आणि डिसेंबरच्या पहाटे तो १० च्या आसपास येतो. मेमध्ये भर दुपारी ४५ अंशांत ३३ पीएसआय भरलेलं चाक, एक कणही गळला नाही तरी, त्या पहाटे २८ दाखवेल. नायट्रोजन असला तरी २८ च.

धावताना टायर तापतो तो मुख्यतः रबर प्रत्येक फेऱ्यात दबून परत सरळ होतं म्हणून. दाब कमी असला की बाजूची भिंत जास्त दबते, जास्त तापते आणि आतले थर सुटायला लागतात. वर १२० चा वेग, भरलेली डिक्की, खाली तापलेलं काँक्रीट. टायर फुटतो तो यामुळे. आतला वायू बदलून रबराचं हे दबणं थांबत नाही.

याच्या अगदी उलटा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, फुगायला जागा राहते. माझे वडीलही हेच सांगायचे. कृपा करून हे करू नका. कंपनी जो आकडा देते तो थंड चाकाचा असतो आणि धावताना पाच-सहा पीएसआय वाढणार हे त्यात धरलेलं असतं. पहाटे ३३ असलेलं चाक जालन्याजवळ ३८-३९ दाखवतं, ते बरोबर आहे. तिथे घाबरून हवा सोडली तर गार झाल्यावर तेच चाक २८ वर येतं, आणि पुढचा सगळा रस्ता तुम्ही धोक्यात काढता.

नायट्रोजन खरोखर पुढे आहे तो ओलाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पंपाच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते रोज काढलं नाही तर हवेबरोबर चाकात जातं. आत पाणी असेल तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब नेहमीपेक्षा जास्त चढतो; स्टीलची रिम गंजते ती वेगळी. नायट्रोजन कोरडा येतो. ऑक्सिजन कमी असल्याने रबर आतून सावकाश म्हातारं होतं हेही खरं आहे. मात्र उघड्यावर उभ्या गाडीचं टायर बाहेरून ऊन खातं, आणि त्यावर सावलीशिवाय इलाज नाही.

"मग विमानात का भरतात?" हा भाच्याचा पुढचा प्रश्न. आपल्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या बोइंग विमानांच्या चाकांत नायट्रोजनच असतो, आणि त्याचं कारण गंभीर आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकाना या विमान कंपनीचं बोइंग ७२७ उडाल्यावर तापलेल्या ब्रेकमुळे त्याचं एक टायर फुटलं, आग लागली आणि १६७ माणसं गेली. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. विमानाचे ब्रेक ज्या तापमानाला जातात तिथे टायरमधला ऑक्सिजन आगीला मदत करतो, आणि उंचीवर ओलावा गोठतो. आपली गाडी त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

नितीन गडकरींनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे आपल्या शहरात हा विषय जास्तच पोचला. त्यामागची काळजी योग्यच आहे. पण त्याच काळजीने बघायचं तर मी आधी प्रत्येक गाडीत गेज, म्हणजे दाब मोजायचं छोटं यंत्र, ठेवायला सांगेन.

बाकीचे वायू थोडक्यात. हेलियम हलका म्हणून गाडी पळेल असं वाटतं, पण एका चाकात हवा असते जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. चारही चाकं हेलियमने भरून वाचणारं वजन अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी, आणि हेलियम रबरातून भराभर निसटतो. कार्बन डायऑक्साइड सायकलवाले छोट्या नळकांडीतून भरतात, पण तो फार लवकर झिरपतो. सल्फर हेक्झाफ्लोराइडचा रेणू मोठा असल्याने तो टिकतो आणि जर्मनीत तो कारच्या टायरमध्ये भरतही असत. मात्र पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून पुढे आहे. युरोपने २००७ मध्ये टायरसाठी त्यावर बंदी आणली, ते योग्यच झालं.

मायलेजचा हिशोब मी कागदावर केला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यानुसार चारही चाकांचा सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १५ चा ॲव्हरेज, म्हणजे पेट्रोल ८०० लिटर. शंभरचा भाव धरला तर ८०,००० रुपये. वर्षभर एकदाही हवा तपासली नाही, तर दाबातला फरक शून्यापासून १.३ पीएसआयपर्यंत वाढत जातो, सरासरी त्याच्या निम्मा; म्हणजे नायट्रोजनमुळे वाचतील शंभरेक रुपये. महिन्यातून एकदा तपासत असाल तर काहीच नाही. मला चार चाकांचे पहिल्यांदा दोनशे पडले होते. पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे.

माझं मत असं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल, घरातल्या वडीलधाऱ्यांना पंपावर वारंवार जाणं जमत नसेल, किंवा नवे टायर टाकताना दुकानदार फुकट भरून देत असेल, तर नायट्रोजन घ्या. रोज गाडी चालवणाऱ्याने ते पैसे साठवून चांगला गेज घ्यावा, जमलं तर बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसरही. आणि नायट्रोजनच्या चाकात साधी हवा मिसळायला घाबरू नका. चाक उतरलं असेल तर जवळच्या पंपावर लगेच भरा, नायट्रोजनचं दुकान सापडेपर्यंत तसंच चालवू नका.

भाच्याकडून काल सकाळी सहाला, गाडी हलवण्याआधी, चारही चाकं तपासून घेतली. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन आकडे असतात. चार माणसं आणि सामान जाणार म्हणून त्यातला भरलेल्या गाडीचा, जास्त दाबाचा आकडा धरला. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंकही वाचायला लावले, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर तीन वर्षांचे निघाले, चालतील. मग डिक्कीतली स्टेपनी बाहेर काढली. गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गेजवर १४ आले. ती पंपावर नेऊन साध्या हवेने भरली.