'फुल कार्बन' सीटपोस्ट, आत ॲल्युमिनियम

फोल्डिंग सायकल घेऊन लोकलने ये-जा करणाऱ्याला वजन कमी करण्याचं वेड लागतंच. स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना पाव किलोसुद्धा खांद्याला कळतो. या सायकलींचा सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते ती नळी, चांगला लांबलचक असतो, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिथे जाते. विक्रेत्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे.

माझ्या सायकलला ३३.९ मिमी व्यासाचा, ५८० मिमी लांबीचा पोस्ट लागतो. डाहॉन या फोल्डिंग सायकलींच्या ब्रँडच्या बऱ्याच मॉडेलांनाही हेच ३३.९चं माप चालतं. ऑनलाइन एक सापडला: 'फुल कार्बन, २८० ग्रॅम', म्हणजे पूर्ण कार्बन फायबरचा, किंमत ४,२०० रुपये. आला तेव्हा दिसायला झकास, वर चकचकीत काळी वीण. सीटचा क्लॅम्प बाजूला काढून वजन केलं, तर ४१० ग्रॅम. विक्रेत्याचं उत्तर: "सर, लॉटप्रमाणे थोडं कमीजास्त होतं." शिवाय वर सल्ला, "चुंबक लावून बघा, चिकटणार नाही."

चुंबक चिकटला नाहीच. ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि टायटॅनियमलाही नाही! या परीक्षेत फक्त साधं पोलाद पकडलं जातं, बाकी सगळे पास.

खरी परीक्षा पाण्यात होते. बॅग तोलायच्या हुकच्या काट्याला पोस्ट दोरीने टांगला आणि पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवला. नळी तिरकी करून आतली हवा जाऊ द्यायची, नाहीतर हिशेब चुकतो. बाहेर ४१० ग्रॅम, पाण्यात २५०. फरक १६० ग्रॅम, म्हणजे आकारमान १६० घनसेंटीमीटर. भागाकार केला की घनता अडीचच्या थोडी वर येते. कार्बन फायबरची साधारण १.६, ॲल्युमिनियमची २.७, टायटॅनियमची ४.५, पोलादाची ७.८. घरगुती काटा पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे दाखवेल, पण १.६चं अडीच करणार नाही. मग फ्रेमच्या आत राहणाऱ्या खालच्या टोकाला कानस लावली. काळ्या थराखाली चंदेरी धातू.

हे सांगितल्यावर विक्रेत्या साहेबांचा सूर बदलला: "कार्बन रॅप (वरून गुंडाळलेला थर) पण कार्बनच असतो ना." आणि वर, "आता तुम्ही घासलाय, म्हणून परत घेणार नाही." पाण्याची परीक्षा आधी करा आणि पाकीट फोडल्यापासून व्हिडिओ काढा, हे त्यासाठीच सांगतोय. माझ्याकडे वजनाचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर पैसे परत आले, कुरिअरचा खर्च कापून.

खरं सांगायचं तर अस्सल कार्बनसुद्धा मी आता घेणार नाही. साध्या सायकलचा पोस्ट एकदा बसवला की तिथेच राहतो. आपल्या फोल्डिंगचा रोज वर-खाली सरकतो, रोज क्विक रिलीजमध्ये, म्हणजे खटका दाबून बंद होणाऱ्या पकडीत, आवळला जातो. त्या जागी ओरखडे साठतात, आणि कार्बन जास्त आवळला तर चिरडतो, कमी आवळला तर घसरतो. एवढी लांब दांडी बाहेर असताना ती तुटली तर कुठे लागेल ते सांगायला नको. टायटॅनियम टिकतं, पण महाग. त्यामुळे करडा रंग मारलेलं ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या नावाने खपवणारेही आहेत. पिंपाची परीक्षा तिथेही चालते. मी शेवटी चांगल्या प्रतीचा ॲल्युमिनियमचाच पोस्ट घेतला, दुकानात काट्यावर ठेवून.

त्या विक्रेत्याचं पान गेलंय, पण तेच फोटो दुसऱ्या नावाने परत आलेत. किंमत तीनशेने जास्त.